ॲप्रन कुणी धुवायचा? रुग्णालयातल्या पोशाखाविषयी

लेखिका : गोकर्ण

गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि दोन नवे कोरे ॲप्रन घेऊन ती मला नमस्कार करायला आली. शासकीय रुग्णालयांत परिचारिका म्हणून ३४ वर्षे काढल्यामुळे मी कौतुकाने एक ॲप्रन उलगडला, कापड चिमटीत धरून पाहिले आणि सवयीने विचारले, "हा धुणार कोण आणि कधी?" ती म्हणाली, "आजी, वसतिगृहात रविवारी धोबी येतो." म्हणजे सोमवारी अंगात चढवलेला ॲप्रन वॉर्डात, शवविच्छेदनाच्या दालनात, खानावळीत आणि बसमध्ये आठवडाभर फिरणार. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. काम करताना माणसाने काय घालावे हे जो ठरवतो, त्याला ते कपडे स्वतः धुवावे लागतात का? रुग्णालयातल्या पोशाखाचा इतिहास वाचताना मला हा प्रश्न पावलोपावली भेटला, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी शब्दाविषयी. आपल्याकडे ज्याला सर्रास ॲप्रन म्हणतात, तो खरे तर पुढून बटणे असलेला लांब डगला आहे. ॲप्रन म्हणजे गळ्यात किंवा कमरेला बांधून अंगाची पुढची बाजू झाकणारे वस्त्र, आणि जुन्या रुग्णालयांत ते मुख्यतः परिचारिकांच्या अंगावर दिसे. त्या काळच्या डॉक्टरांचा पोशाख काळा होता. एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेत डॉक्टर म्हणजे प्रतिष्ठित गृहस्थ, आणि प्रतिष्ठित गृहस्थ गंभीर प्रसंगी काळा लांब कोट घालत. शस्त्रक्रियेसाठी अनेक सर्जन एक जुना कोट वेगळा खुंटीला टांगून ठेवत. त्यावर वर्षानुवर्षांचे रक्त आणि पू वाळून तो ताठ झालेला असे, आणि हा ताठपणा अनुभवाची खूण मानला जाई. शस्त्रक्रियेच्या खोलीला आपण आजही 'थिएटर' म्हणतो, कारण ती खरोखरच पायऱ्यापायऱ्यांची प्रेक्षागृहे होती. विद्यार्थी वर बसून पाहत आणि खाली लाकडी टेबलाजवळ रक्त टिपायला भुसा ठेवलेला असे.

हा काळा कोट जाताना पाहायचा असेल, तर फिलाडेल्फियाच्या टॉमस एकिन्स या चित्रकाराची दोन मोठी तैलचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पहिले १८७५ चे आहे. डॉ. सॅम्युएल ग्रॉस एका तरुणाच्या मांडीच्या हाडाचा सडलेला भाग काढत आहेत. ग्रॉस काळ्या कोटात, त्यांचे साहाय्यक काळ्या कोटात, आणि ग्रॉस यांच्या उघड्या हातातल्या शस्त्रावर आणि बोटांवर ताजे रक्त आहे. दुसरे चित्र १८८९ चे, शहर तेच. डॉ. डेव्हिड ॲग्न्यू स्तनाची शस्त्रक्रिया करत आहेत, आणि ते स्वतः, त्यांचे साहाय्यक, रुग्णावरची चादर असे सगळे पांढरे आहे. एक गोष्ट मात्र बदललेली नाही: दुसऱ्या चित्रातही कुणाच्या हातात मोजे नाहीत आणि कुणाच्या तोंडावर पट्टी नाही.

मधल्या १४ वर्षांत काय घडले? जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बॉलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत मांडली होती. १८७६ च्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेसाठी ते फिलाडेल्फियाला आले, आणि त्या परिषदेचे अध्यक्ष होते काळ्या कोटातले हेच डॉ. ग्रॉस. ग्रॉस यांना ही पद्धत पटली नव्हती. पण पुढच्या दशकात जंतूंचा सिद्धांत प्रस्थापित झाला, जर्मनीत वाफेने कापड निर्जंतुक करण्याची सोय आली आणि काळ्या लोकरीच्या कोटाचा शेवट जवळ आला, कारण तो उकळता येत नाही. पांढरे सुती कापड उकळा, क्षारात घाला, उन्हात टाका, त्याचा रंग जात नाही, कारण जायला रंगच नसतो. शिवाय त्यावर मळ लपत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे पांढऱ्या रंगाचे पावित्र्य वगैरे लोकांच्या मनात नंतर आले. आधी आली ती धुण्याची सोय.

या दोन चित्रांच्या बरोबर मधे, त्याच शहरात, एक मराठी मुलगी वैद्यक शिकत होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. १० ऑक्टोबर १८८५ चे त्यांचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल: साडी नेसलेल्या आनंदीबाई, शेजारी किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या वेशातल्या सिरियाच्या सबात इस्लामबुली. या तिघींच्या अंगावर डॉक्टरकीची कोणतीही खूण नाही. त्या वेळी स्त्री-डॉक्टरचा म्हणून पोशाखच ठरलेला नव्हता. पुरुषांचा काळा कोट मावळत होता, पांढरा अजून रुळायचा होता, आणि या मुली आपापल्या घरच्या वस्त्रांत शिकत होत्या. ते छायाचित्र पाहिले की माझा ऊर भरून येतो.

हातमोज्यांची गोष्ट आम्हा परिचारिकांची आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन ही शस्त्रक्रियागृहाची प्रमुख परिचारिका होती. हात धुण्याच्या मर्क्युरिक क्लोराइडने तिच्या हातांची कातडी सोलवटून निघू लागली आणि ती काम सोडण्याच्या बेतात आली. तेव्हा सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९-९० च्या हिवाळ्यात गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. पुढे दोघांनी लग्न केले, म्हणून ही कहाणी प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जाते. रुग्णाला संसर्ग होऊ नये म्हणून मोजे वापरायचे, हे पुढच्या काही वर्षांत उमगले. मोजे आले ते काम करणाऱ्या बाईचे हात सोलवटत होते म्हणून.

हिरवा रंग त्यानंतरचा. प्रखर दिव्याखाली पांढऱ्या कापडाची तिरीप डोळ्यांवर येते, आणि बराच वेळ लाल रक्ताकडे पाहून नजर पांढऱ्या कापडावर गेली की हिरवट सावल्या तरळतात. सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन हॅरी शर्मन यांनी १९१४ मध्ये पालकाच्या पानासारखा हिरवा रंग शस्त्रक्रियागृहात आणला. लालाच्या विरुद्ध रंगावर डोळा विसावतो आणि त्या सावल्या त्यात विरून जातात. आमच्या थिएटरमध्ये हिरव्या केसमेंट कापडाचे गाऊन आणि चादरी धातूच्या ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्राला, लावायच्या असत. धुऊन धुऊन त्या कापडाचा रंग आधी पोपटी आणि मग राखाडी होई, तरी ते फाटेपर्यंत चाले.

आता आमच्या पोशाखाविषयी. परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतात, कारण युरोपात शतकानुशतके रुग्णसेवा मठातल्या जोगिणी करत. डोक्यावरची टोपी ही त्यांच्या शिरोवस्त्राची आठवण. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारीला गेल्या तेव्हा त्यांच्या परिचारिकांना करडा जाडाभरडा झगा, लोकरी जाकीट आणि 'स्कुटारी हॉस्पिटल' असे लाल दोऱ्याने भरलेला तपकिरी पट्टा देण्यात आला होता. मापे घेतलेली नव्हती, त्यामुळे ते कपडे धड कुणालाच बसत नव्हते. पोशाखाचा उद्देश ही बाई कोण आहे हे दुरून कळावे आणि तिच्या वाटेला कुणी जाऊ नये, असा होता. तिला हालचाल सुखाने करता यावी, हा विचार त्यात कमीच होता.

आमच्या काळी पांढरी साडी, पांढरा ब्लाउज, कमरेला पट्टा आणि डोक्यावर टोपी. टोपी म्हणजे कापडाचा एक तुकडा. साबुदाण्याच्या खळीत बुडवून तो ओलाच आरशावर चिकटवायचा, हाताने सुरकुत्या काढायच्या, आणि सकाळी तो सुकून आपोआप सुटला की ठरलेल्या घड्या घालून दोन पिनांनी केसांत बसवायचा. दिसायला फार सुंदर. पण रुग्णावर वाकले की टोपी घसरे, ती सावरायला हात डोक्याकडे जाई, आणि तोच हात पुन्हा जखमेकडे. साडीचे त्याहून अवघड. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब द्यायचा तर खाटेवर गुडघा टेकवून चढावे लागते. एका रातपाळीला अशा धावपळीत माझ्या निऱ्या ट्रॉलीच्या चाकात अडकल्या आणि मी औषधांच्या ट्रेसकट पडले. दुसऱ्याच दिवशी आम्ही अकरा जणींनी सह्या करून सलवार-कमीज घालण्याची परवानगी मागितली. साडीत शालीनता आहे, असे लेखी उत्तर आले. परवानगी मिळायला पुढे सहा वर्षे लागली. उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यांना रात्री खाटेवर चढावे लागत नव्हते.

इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये कोपराखाली काहीही नको असा नियम केला: लांब बाह्या नाहीत, घड्याळ नाही, आणि पर्यायाने डॉक्टरांचा पारंपरिक लांब डगलाही नाही. मळ दिसावा म्हणून जो डगला पांढरा झाला, त्याच्याच बाहीच्या कडेवर मळ साचतो, असा त्यामागचा विचार. आपल्याकडेही असे व्हावे असे मला वाटते. जाणकारांनी आपली मते आणि अनुभव अवश्य लिहावेत.

*

प्रतिसाद : दगडफूल

गोकर्णताई, लेख मन लावून वाचला. आनंदीबाई त्या दोन चित्रांच्या मधल्या काळात त्याच शहरात होत्या, हे कधी ध्यानात आले नव्हते. दुसऱ्या चित्रात आणखी एक फरक आहे. पहिल्या चित्रात एकच स्त्री आहे, रुग्णाची नातलग, आणि तिने तोंड झाकून घेतले आहे. दुसऱ्यात डॉक्टरांच्या बरोबरीने मेरी क्लायमर नावाची परिचारिका टोपी आणि ॲप्रन घालून शांतपणे उभी आहे. रुग्ण सोडल्यास त्या दालनातली ती एकटीच स्त्री, आणि ती तिथे कामासाठी आहे हे तिच्या पोशाखामुळेच कळते.

पोशाख रोगाच्या समजुतीप्रमाणे बदलतो, याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे प्लेग. सतराव्या शतकातल्या युरोपात प्लेगचे डॉक्टर पक्ष्याच्या चोचीसारखा मुखवटा घालत आणि चोचीत सुगंधी वनस्पती भरत, कारण रोग दूषित हवेतून होतो अशी समजूत होती. समजूत चुकीची होती, पण त्या पोशाखातला मेणकापडाचा झगा पिसवांना आडकाठी ठरला असण्याची शक्यता आहे. मुंबईत १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला, तेव्हाही तो पिसवांमार्फत पसरतो हे कुणाला ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ यांनी ते दाखवून दिले १८९८ मध्ये, कराचीत. त्याच्या आदल्याच वर्षी सावित्रीबाई फुले पुण्याजवळ मुंढव्याहून प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन आपले दत्तकपुत्र डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. प्लेगच्या रोग्याजवळ जाताना नेमके कशापासून अंग झाकायचे, हेच तेव्हा जगात कुणाला सांगता येत नव्हते.

तोंडावरच्या पट्टीची खरी कसोटी १९१०-११ च्या, चीनच्या ईशान्येकडील मांचुरियातल्या प्लेगमध्ये लागली. तो फुप्फुसांचा प्लेग होता, श्वासातून पसरणारा. पेनांगमध्ये जन्मलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस आणि जाळीदार कापडाचे थर असलेली, डोक्यामागे बांधायची पट्टी सर्वांना सक्तीची केली. जेराल्ड मेनी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे धुडकावून पट्टीविना रुग्ण तपासले, आणि काही दिवसांतच त्यांचा त्याच रोगाने अंत झाला.

*

प्रतिसाद : निर्गुडी

मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. लेखाशी बहुतांशी सहमत आहे, पण ॲप्रन काढून टाकावा या मताला माझा विरोध आहे आणि त्याचे कारण नीट मांडू इच्छिते.

ॲप्रन आणि गळ्यात स्टेथोस्कोप असला तरी दिवसातून चार वेळा मला 'सिस्टर, डॉक्टर कधी येणार?' असे विचारले जाते. ॲप्रन नसला की दिवसभर तेच. माझ्याबरोबर काम करणारे पुरुष डॉक्टर साध्या टी-शर्टमध्ये आले तरी त्यांना सगळे 'साहेब' म्हणतात. मला 'सिस्टर' या शब्दाचा कमीपणा मुळीच वाटत नाही. आमचे रुग्णालय सिस्टरांच्या जिवावर चालते. पण तातडीच्या वेळी गोंधळ होतो. एकदा सर्पदंश झालेल्या मुलाचे वडील मला बाजूला सारून 'आधी डॉक्टरांना बोलवा' म्हणत राहिले, आणि मुलाला तपासण्याआधी मी कोण आहे हे पटवून देण्यात वेळ गेला. ज्यांना डॉक्टर म्हणून सहज ओळखले जाते त्यांना पोशाख सोडून देणे सोपे आहे. स्त्रियांना, आणि विशेषतः तरुण स्त्रियांना, तो सहज सोडता येत नाही. आनंदीबाईंच्या साडीचा उल्लेख वाचला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की त्यांना रोज किती वेळा आपली ओळख पटवून द्यावी लागली असेल.

धुण्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य आहे. माझे ॲप्रन घरी धुतले जातात, बहुतेक वेळा माझ्या सासूबाईंच्या साड्यांबरोबर. वाचल्यावर मला त्याची काळजी वाटू लागली आहे.

*

प्रतिसाद : गोकर्ण

निर्गुडीताई, आपला मुद्दा माझ्या लेखातून सुटला होता आणि तो महत्त्वाचा आहे. ओळख पटण्यासाठी काहीतरी हवेच, हे मी मान्य करते. ते काहीतरी लांब बाहीचेच असावे का, एवढाच माझा प्रश्न उरतो. छातीवर मोठ्या देवनागरी अक्षरांत 'डॉक्टर' असे लिहिलेला, रोज बदलता येईल असा अर्ध्या बाहीचा अंगरखा चालू शकेल का? आमच्या वॉर्डात मावशींच्या साडीचा रंग वेगळा, वॉर्डबॉयचा शर्ट वेगळा, आणि इन्चार्ज सिस्टरांचा पट्टा वेगळ्या रंगाचा असे. रुग्णांचे नातलग चार दिवसांत हे रंग बरोबर ओळखू लागत. म्हणजे लोकांना नवी खूण शिकवता येते, फक्त ती सगळीकडे सारखी हवी.

*

प्रतिसाद : सुईदोरा

नमस्कार. मी सोलापूरचा, आमचा गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. शाळांच्या गणवेशांबरोबर आम्ही वैद्यकीय आणि औषधनिर्माण महाविद्यालयांचे ॲप्रनही शिवतो. प्रवेश सुरू झाले की दीड महिना आमची मशीन रात्री उशिरापर्यंत चालतात.

शिवणाऱ्याच्या बाजूने काही गोष्टी सांगतो. वडिलांच्या वेळी ॲप्रनचा एकच कट असे, पुरुषी मापाचा. मुलींनी मागितला तर त्याच कटातला लहान नंबर दिला जाई, त्यामुळे खांदे उतरत आणि बाह्या बोटांपर्यंत येत. मुलींसाठी वेगळा कट आम्ही पंधराएक वर्षांपूर्वी बसवला, छातीला टक घातला आणि खांदा आत घेतला. खिशांची मागणीही मुलींनीच वाढवली, कारण त्यांच्या सलवार-कमीजला खिसे नसतात. ॲप्रनच्या बाजूला जी फट असते, ती आतल्या पँटच्या खिशात हात घालता यावा म्हणून ठेवलेली असते, आणि मुलींना तिचा काही उपयोग नव्हता. आता आम्ही त्यांच्या ॲप्रनमध्ये ती फट बंद करून आत खोल खिसा देतो.

कापड बहुतेक टेरिकॉट. लवकर वाळते, इस्त्री टिकते आणि स्वस्त पडते. सुती ॲप्रन महाग, चुरगळणारा, पण घाम शोषणारा आणि उकळत्या पाण्याला न डगमगणारा. अर्ध्या बाहीचा माल आम्ही करून पाहिला. त्याला कापड कमी लागते आणि तो पूर्ण बाहीपेक्षा स्वस्तही देता येतो, तरी दुकानदार घेत नाहीत. 'पूर्ण बाही असेल तरच डॉक्टर वाटतो,' असे मुलांचे आई-वडील सांगतात. खरेदीला मुलांबरोबर आई-वडीलच येतात आणि पैसेही तेच देतात. त्यामुळे बाही किती लांब असावी हे आमच्या धंद्यात तेच ठरवतात.

*

प्रतिसाद : काचपट्टी

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. विषय भावनेचा झाला आहे म्हणून शास्त्राची बाजू जरा मोजून-मापून मांडते.

ॲप्रनवर रोगजंतू सापडतात, याबद्दल दुमत नाही. ते सर्वात जास्त मनगटाजवळ आणि खिशांच्या तोंडाशी सापडतात, कारण हात सारखे तिथे लागतात. काही जिवाणू कोरड्या कापडावर, सुती असो वा पॉलिएस्टर, अनेक दिवस जिवंत राहू शकतात. पण ॲप्रनवरचा जंतू रुग्णापर्यंत पोहोचला आणि त्यामुळेच तो आजारी पडला, हे सिद्ध करणे फार अवघड आहे, आणि इंग्लंडमधल्या नियमावरही पुरावा अपुरा असल्याची टीका झाली आहे. संसर्ग पसरवण्यात हातांचा वाटा सर्वात मोठा आहे. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नात शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्या डॉक्टरांच्या अंगावर गोकर्णताईंनी वर्णन केलेले काळे कोटच होते.

म्हणून अर्ध्या बाहीच्या बाजूने माझे कारण निराळे आहे: मनगटापर्यंत बाही असेल तर हात नीट धुता येत नाहीत. बाही ओली होईल म्हणून माणूस बोटांवरच पाणी घेतो. मी विद्यार्थ्यांना हात धुताना पाहते तेव्हा लांब बाहीवाले आणि आखूड बाहीवाले यांच्यातला फरक डोळ्यांना दिसतो.

*

प्रतिसाद : रातपाळी

मी परिचारक आहे, आम्हाला 'ब्रदर' म्हणतात. गोकर्णताईंच्या लेखात साडी आणि टोपी आली. आमच्या गणवेशाचा इतिहास असा सांगण्यासारखा नाही, कारण तो कुणी फारसा ठरवलाच नाही. मी रुजू झालो तेव्हा पांढरा शर्ट आणि पांढरी पँट एवढेच सांगितले होते, त्यामुळे लोक मला कधी डॉक्टर समजत, कधी लिफ्टमन.

मला लिहायचे आहे ते २०२० विषयी. पहिले काही आठवडे आम्हाला संरक्षक पोशाखाऐवजी पातळ रेनकोट मिळाले होते, आणि मग बंद अंगरखे आले. तो पोशाख एकदा चढवला की सहा तास पाणी नाही आणि लघवीलाही जाता येत नाही. मे महिन्यात वॉर्डातले पंखेही संसर्गाच्या भीतीने बंद होते. काढताना बुटांमध्ये घामाचे पाणी साचलेले असे. त्या पोशाखात सगळे सारखेच दिसत, डॉक्टर, सिस्टर, मावशी, मी. म्हणून आम्ही एकमेकांच्या पाठीवर मार्करने नावे लिहायचो. एक आजोबा रोज माझ्या पाठीवरचे नाव वाचून मला हाक मारत. बरे होऊन घरी जाताना त्यांनी माझा चेहरा पाहायची इच्छा सांगितली, आणि काचेपलीकडे उभे राहून मी तोंडावरची पट्टी क्षणभर खाली केली. निर्गुडी मॅडम म्हणतात ते ओळखीचे महत्त्व मला तेव्हा पटले. पोशाख सुरक्षित हवा, तसा आत कोण आहे हे सांगणाराही हवा.

आणखी एक सांगतो. तो पोशाख घालण्यापेक्षा काढताना धोका अधिक होता. बाहेरच्या बाजूला हात न लावता, आतून बाहेर गुंडाळत, ठरलेल्या क्रमाने तो उतरवावा लागे. काढण्याचे शिक्षण आम्हाला एका अनुभवी मावशींनी दिले, कारण वापरलेले कपडे गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि चूक कुठे होते हे त्या रोज पाहत होत्या.

*

प्रतिसाद : निर्गुडी

रातपाळी, आपला अनुभव वाचून डोळे भरून आले. काचपट्टीताईंनी सांगितलेले हात धुण्याचे कारण मला पटले. आमच्या रुग्णालयातल्या बैठकीत अर्ध्या बाहीचा आणि मोठ्या अक्षरांतल्या नावपट्टीचा प्रस्ताव मी मांडणार आहे. गोकर्णताई, घरी ॲप्रन धुण्याची योग्य रीत कृपया लिहाल का?

*

प्रतिसाद : गोकर्ण

रातपाळी भाऊ, मावशींचा उल्लेख केल्याबद्दल आपले मनापासून आभार. आमच्या काळीही रक्ताने भरलेल्या चादरी मोजून, गाठोडी बांधून परटाकडे पाठवण्याचे काम मावशींचेच होते आणि त्यांना हातमोजे सर्वांत शेवटी मिळत.

निर्गुडीताई, रीत सांगते. ॲप्रन घरच्या कपड्यांत मिसळू नये, त्याची बादली वेगळी ठेवावी. रुग्णालयातून आणताना तो आतली बाजू बाहेर करून पिशवीत घालावा. रक्ताचा डाग असेल तर प्रथम गार पाण्यातच भिजवावा. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने गोठून धाग्यात बसतात आणि मग डाग निघत नाही. नव्या मुली हमखास इथेच चुकतात. डाग सुटल्यावर साबणाच्या कढत पाण्यात धुवावा. सुती असेल तर उकळावा, टेरिकॉट असेल तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात विरंजक द्रावण घालावे, पण मनगट आणि खिशांची तोंडे ब्रशने घासल्याशिवाय सोडू नये. शेवटी उन्हात वाळवून कडक इस्त्री. पिवळसर झाला तर चिमूटभर नीळ. त्यापेक्षा जास्त घातली की कापडावर निळे ढग उमटतात.

नातीला मी हे सगळे फोनवर सांगितले. दोन ॲप्रन रोज आलटून-पालटून धुवायचे तर पावसाळ्यात वाळायला वेळ मिळत नाही, असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे बरोबर आहे. सुईदोरा दादा, तिच्यासाठी तीन ॲप्रन आपल्याकडूनच शिवून घ्यायचे आहेत. कापड सुती, खिसा आतून खोल, खांदा १४ इंच. बाकीची मापे व्यक्तिगत निरोपातून कळवते. बाही कोपराच्या वरच ठेवावी. या वेळी पैसे मी देणार आहे.